चाळिशी : नाकावरची आणि खांद्यावरची

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नांदेड येथे झालेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने ‘मध्यमवय’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे अशी आज्ञा केली. आमचीच निवड का, असे आम्ही चिटणिसांस विचारले. त्यांनी प्रथम आमच्या मस्तकाकडे पाहिले, मग उदराकडे पाहिले, आणि ‘विषयाचा अधिकारी वक्ता पाहिजे होता’ एवढेच उत्तर दिले. या निकालावर अपील नाही. तेव्हा तो अधिकार मान्य करून आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

आजची कार्यक्रमपत्रिका पाहावी. आरंभी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव आहे. शेवटी पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या ज्येष्ठांचा सत्कार आहे. दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. परंतु गौरवाचा विद्यार्थी बावीस वर्षांचा आणि सत्काराचे आजोबा पंचाहत्तर वर्षांचे, तर मधल्या त्रेपन्न वर्षांतील माणसे आज आहेत कोठे? जरा मागे वळून पाहावे. एक गृहस्थ ध्वनिक्षेपकाची वायर हातात धरून उभे आहेत, कारण ती सोडली की आमचा आवाज बंद पडतो. (ती सोडावी अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी थोडा धीर धरावा.) दुसरे दाराशी पावतीपुस्तक घेऊन बसले आहेत. तिसरे वरण पुरेल की नाही याचा अंदाज घेण्यास आचाऱ्याकडे गेले आहेत. भगिनीवर्गापैकी कोणी तबके सजवीत आहेत, तर कोणी एका हाताने नारळ मोजीत दुसऱ्या हातातील मोबाइलवरून घरी सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ कळवीत आहेत. ही सर्व मंडळी मध्यमवयीन होत. सत्काराच्या शाली त्यांनीच बाजारातून आणल्या. परंतु शाल काही त्यांच्या खांद्यावर पडत नाही. त्यांच्या खांद्यावर पडते ते सतरंज्यांचे गाठोडे.

आमच्या आजच्या भाषणाचा विषय म्हणजे हा खांदा होय.

आरंभी शब्दांचा विचार करू. मराठी भाषेने आयुष्याच्या टप्प्यांना नावे ठेवली आहेत, आणि ‘नावे ठेवली’ हे दोन्ही अर्थांनी खरे आहे. पंचविशीला तिने गद्धेपंचविशी म्हटले. साठीची बुद्धी नाठी ठरवली. चाळिशीच्या बाबतीत तर तिने मनुष्याच्या नाकावर एक वस्तूच आणून ठेवली. ‘यांना चाळिशी लागली’ असे कोणी म्हटले, तर वय झाले की चष्मा लागला हे ऐकणाऱ्याने आपापल्या मगदुराप्रमाणे समजून घ्यावयाचे. वयाचे आणि उपकरणाचे नाव एकच असल्यामुळे मराठी मनुष्यास वय लपविण्याची सोयच राहिलेली नाही.

ही चाळिशी का लागते, याचे कारण शास्त्रज्ञांनी सांगून ठेवले आहे. आपल्या डोळ्यातील भिंग तरुणपणी लवचीक असते. जवळची वस्तू पाहावयाची झाली की ते फुगते, दूरची पाहताना चपटे होते. वय वाढते तसे ते ताठर होत जाते आणि फुगण्याचे नाकारते. मग जवळची अक्षरे अंधूक होतात आणि आपण कागद दूर धरू लागतो. प्रथम कागद वीतभर मागे जातो, मग हातभर जातो, आणि एके दिवशी असे ध्यानात येते की दृष्टी ठीक आहे, हातच आखूड पडतो आहे. लग्नपत्रिकेवरील मुहूर्त वाचण्यासाठी पत्रिका शेजाऱ्याच्या हातात देऊन आपण चार पावले मागे सरकणारे गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत.

यातील मौज पुढेच आहे. या वयात दूरचे स्वच्छ दिसते आणि जवळचे दिसत नाही, हे केवळ डोळ्यांपुरते खरे नाही. मुलाला चार वर्षांनी कोणती शाखा मिळेल, मुलीचे स्थळ कोणत्या गावी जमेल, वडिलांचा मोतीबिंदू कधी पिकेल, हे सारे मध्यमवयीन मनुष्यास लख्ख दिसत असते. स्वतःच्या ताटात काय वाढले आहे आणि छातीत दोन दिवस काय दुखते आहे, एवढेच तेवढे दिसत नाही. नाकावरच्या चाळिशीला भिंग मिळते. या दुसऱ्या चाळिशीला भिंग देणारा दुकानदार आम्हांस नांदेडच्या वजिराबादेत आढळला नाही, आणि लातूरच्या गंजगोलाईतही आढळला नाही.

गंजगोलाईचे नाव निघाले म्हणून सांगतो. त्या वर्तुळाकार बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. तरुणपणी यांपैकी कोणत्या रस्त्याने शिरावे आणि कोणत्या रस्त्याने बाहेर पडावे हे लातूरकरास शिकवावे लागत नाही. पन्नाशीच्या सुमारास मात्र मनुष्य गोलाईत उभा राहतो आणि स्वतःस विचारतो, ‘आपण येथे काय आणावयास आलो होतो?’ घरी मोबाइल करावा तर चष्मा घरी राहिलेला असतो. शेवटी तो जगदंबेला नमस्कार करतो आणि पावशेर शेंगदाणे घेऊन घरी येतो. आणावयाची असते बहुधा तूरडाळ.

वय झाल्याची पहिली वर्दी आरसा देत नाही. आरसा आपल्या घरचाच असल्यामुळे तो भीड बाळगतो. वर्दी देतात ती बाजारातील परकी माणसे. भाजीवाली कालपर्यंत ‘भाऊ’ म्हणत होती, ती एके सकाळी ‘मामा’ म्हणते. मामा म्हणणे हा मराठवाड्याचा जिव्हाळा आहे असे मनास समजवावे, तो पुढच्या गाड्यावरचा पोरगा ‘काका’ म्हणतो. मग केसांना रंग लागतो. पहिल्या खेपेस तो इतका काळाभोर असतो की ‘काका, रंग कोणता?’ असा प्रश्न येतो. रंग बदलतो, काका कायम राहतात.

परंतु या वयास केवळ ओहोटीच आहे असे कोणी समजू नये. भरतीही आहे. पंचविशीत आपण लग्नघरी गेलो तर आपणांस पाणी भरावयास लावीत. पन्नाशीत रुसलेल्या व्याह्यांची समजूत काढण्यास बोलावतात. किराणा दुकानदार उधारी लिहिताना आता वर पाहत नाही. कोणता सदरा घालावा, यावर जागरण करावे लागत नाही, कारण अंगात येणारे सदरे दोनच उरलेले असतात. भाऊबंदकीच्या बैठकीत आपण नुसते खाकरलो तरी दोन्ही पक्ष थांबतात. आपण काही बोलणार आहोत असा त्यांचा समज होतो. वस्तुतः तो खोकला असतो. असो. मान मिळतो तो असा मिळतो, आणि तो घ्यावा.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीही या वयाची दखल घेतलेली आहे. अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पांढरे झाले आणि नातवाचे मुख पाहिले की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृती सांगते. आपल्या जिल्ह्यात किनवटचे अरण्य जवळ आहे, म्हणून हा विचार आम्ही एकदा घरी बोलून दाखविला. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, ‘घराच्या कर्जाचे हप्ते किनवटच्या टपालातून पाठवणार काय?’ तेव्हा आमचा वानप्रस्थ तहकूब झाला. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांत आणि साठाव्या वर्षी उग्ररथ शांत करण्याचीही चाल आहे. उग्ररथ या नावातच पुढील प्रवासाची कल्पना दिलेली दिसते.

येथे एक आकडा ध्यानात घेण्यासारखा आहे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. याचा अर्थ त्या काळी सगळेच बत्तिसाव्या वर्षी जात असत असा नव्हे. लहान मुले फार दगावत, त्यामुळे सरासरी खाली येई. तरीही देवी, पटकी, क्षय आणि बाळंतपण यांतून निभावून पन्नाशी पाहणारा मनुष्य तेव्हा म्हातारा गणला जाई. आज पन्नाशीच्या मनुष्याचे आईवडील हयात असतात, आणि आपण करू ते ईश्वरकृपेने बरेच दिवस असोत. मुले मात्र शिक्षण लांबल्यामुळे अजून हाताशी आलेली नसतात. आपल्या पणजोबांना हे मधले वय फारसे मिळालेच नाही. ही आपल्या पिढीस नव्याने मिळालेली जमीन आहे. जमीन मिळाल्याचा आनंद आहेच. फक्त तिच्यावरचा सारा भरावयाचा कोणी, हे सातबाऱ्यावर आधीच लिहिलेले आहे.

मध्ये आम्ही सहकुटुंब एसटीने नांदेडहून लातुरास निघालो. वडिलांस पंचाहत्तरीच्या वर वर्षे झाली आहेत. ऑगस्ट २०२२ पासून अशा ज्येष्ठांचा एसटी प्रवास विनामूल्य आहे. मातोश्रींस अर्धे तिकीट. सौभाग्यवतींस अर्धे, कारण १७ मार्च २०२३ पासून महिलांस निम्म्या दरात प्रवास आहे. धाकटी मुलगी अकरा वर्षांची, तिलाही अर्धे. वाहकाने सर्वांचे चेहरे आणि ओळखपत्रे पाहिली, यंत्रावर बोटे चालविली, आणि आमच्याकडे वळून प्रसन्न मुद्रेने म्हटले, ‘मामा, फुल तिकीट तुमचं एकट्याचंच!’ आमची तक्रार मुळीच नाही. उलट इतके थोडक्यात आणि इतके यथार्थ मानपत्र आम्हांस आजवर कोणी दिले नव्हते. मध्यमवय म्हणजे काय, याची व्याख्या कोशकारांनी शोधीत बसू नये. ज्याला कोणतीही सवलत नाही तो मध्यमवयीन.

रेल्वेचा नियमही याच धर्तीवर आहे. आरक्षण करताना पसंती कळविली नाही तरी, जागा असल्यास, पंचेचाळीस वर्षांपुढील स्त्रियांस खालचा बर्थ आपोआप दिला जातो. पुरुषांस त्यासाठी साठी गाठावी लागते. म्हणजे मधली पंधरा वर्षे पुरुषाने गुडघ्यांचे काही ऐकून न घेता वरच्या बर्थवर चढावयाचे आहे. त्या शिडीवरून चढताना जो आवाज येतो तो शिडीचा असतो, असे आपण सहप्रवाशांस भासवितो.

आता लातूरचे नाव आल्यावर लातूर पॅटर्नचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. या पॅटर्नने खेड्यापाड्यांतील मुलांस वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दरवाजे उघडून दिले, याचा आपल्या समाजास अभिमान आहे. आज ज्यांचा गौरव झाला त्यांतील कितीतरी विद्यार्थी याच शहरात तयार झालेले आहेत. परंतु या परीक्षेस एक विद्यार्थी बसतो आणि तीन माणसे बसविली जातात, हे गुणपत्रिकेत येत नाही. देगलूरची, मुखेडची, उदगीरची आई दोन वर्षे लातुरात एका खोलीत राहून डबा करते. बाप गावी एकटा राहून खिचडी करावयास शिकतो. पहिल्या महिन्यात ती करपते, दुसऱ्या महिन्यात कच्ची राहते, आणि तिसऱ्या महिन्यापासून तो शेजाऱ्यांस खिचडीची कृती सांगू लागतो. मुलाची ‘नीट’ होईपर्यंत त्या घरात दुसरे काहीही नीट नसते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचे पाणी आटले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, ते सर्व देशाने वर्तमानपत्रांत पाहिले. ते पाणी टाकीपासून तिसऱ्या मजल्यावर कोणाच्या कमरेवर चढले, याचे छायाचित्र कोणी काढले नाही. मुले अभ्यास करीत होती, आजीआजोबांस जिना चढवत नव्हता. उरले कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आमच्या या विनोदाच्या तळाशी काही गंभीर आहे, ते आता सांगितले पाहिजे.

लातूर जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा. मांजरेच्या काठची साखर देशभर जाते, परंतु थोडी आपल्या रक्तातही मागे राहते, असे आम्ही थट्टेने म्हणत असू. आता थट्टा पुरे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे दहा कोटी भारतीयांस मधुमेह असल्याचे, आणि शंभरातील सुमारे पस्तीस प्रौढांस रक्तदाब असल्याचे आढळले. हे दोन्ही विकार आरंभी दुखत नाहीत, खुपत नाहीत. म्हणूनच ते मध्यमवयीन मनुष्यास फार सोयीचे वाटतात. ज्या दुखण्याने काम अडत नाही ते दुखणे तो दुखण्यात धरीत नाही. वडिलांचा रक्तदाब तो दर पंधरा दिवसांनी मोजून आणतो. यंत्र घरातच असते, परंतु त्याचा पट्टा स्वतःच्या दंडास गुंडाळण्याचे त्याला सुचत नाही.

याच नांदेडात पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर होऊन गेले. त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, तेव्हाच्या औरंगाबादेत, व्यासपीठावरच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पन्नाशीस पाच महिने उणे होते. मराठवाड्याच्या विचारविश्वाचा केवढा मोठा भाग त्या एका दिवशी गेला, हे येथील वडीलधाऱ्या मंडळींस आम्ही सांगावयास नको. पन्नाशी म्हणजे मधला टप्पा, असे आपण सहज म्हणतो. तो सर्वांच्याच वाट्यास मधला ठरतो असे नाही.

भगिनींच्या संबंधी एक गोष्ट बोलावयाची आहे. अशा सभेत ती बोलण्याचा प्रघात नाही, तरी बोलतो. पंचेचाळीस ते पन्नासच्या सुमारास स्त्रियांस रजोनिवृत्ती येते. अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्रीची झोप उडते, मन उदास होते, कारण नसता राग येतो. घरातील मंडळी म्हणतात, ‘हल्ली हिचा स्वभाव बदलला.’ स्वभाव बदललेला नसतो, शरीर बदलत असते. आणि त्याच वेळी मुलाची परीक्षा, सासऱ्यांची शस्त्रक्रिया आणि माहेरी आईचे आजारपण ही तिन्ही तिच्याच वाट्यास आलेली असतात. पुरुषाची चाळिशी निदान नाकावर दिसते. स्त्रीची चाळिशी घरातील कोणासही दिसत नाही, कारण ती सर्वांस गरम भाकरी वाढून झाल्यावर उरलेली गार भाकरी घेऊन आत बसलेली असते.

आता आपल्या भागातील जुन्या घरांची एक गोष्ट सांगतो. येथील अनेकांचा जन्म माळवदाच्या घरात झाला आहे. जाड दगडी भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि त्यांवर मातीचे थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, असे हे घर. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी वर मातीचा नवा थर टाकीत. जुना थर कोणी काढीत नसे. वर्षाला चार बोटे माती म्हणजे काय मोठीशी, असे वाटे. घराच्या दाराला तोरण लागे, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिले जाई. वरची तुळई मात्र मुकाट्याने दरसालचा नवा थर उचलीत असे. ती उचलते आहे, तोवर तिच्याकडे मान वर करून कोणी पाहिले नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण कोणीच विसरलेलो नाही. रात्री गणपतीचे विसर्जन करून गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे भूकंपाने कोसळली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. भूकंप जेवढा होता तेवढाच होता. परंतु मातीत नुसते रचलेले दगड आणि वर्षानुवर्षे जड होत गेलेली माळवदे यांनी इतके जीव घेतले, असा जाणकारांनी निष्कर्ष काढला.

आमच्या नात्यातील एक काका तेव्हा औसा तालुक्यात राहत होते. वय चव्वेचाळीस. त्या पहाटे त्यांची आई गेली आणि धाकटा मुलगा गेला. वडील, पत्नी आणि दोन मुली राहिल्या. पुढे ते पत्र्याच्या शेडात राहिले, सरकारी कागदांच्या रांगेत उभे राहिले, नव्या गावठाणात घर उभे केले, वडिलांचे शेवटपर्यंत केले, दोन्ही मुलींस शिकवून त्यांची लग्ने करून दिली. त्या काळात भेटावयास येणारा प्रत्येक जण त्यांस विचारी, ‘बाबा कसे आहेत? वहिनी कशा आहेत? मुली सावरल्या का?’ तुम्ही कसे आहात, असे कोणी विचारल्याचे त्यांस आठवत नाही. विचारणाऱ्यांची माया कमी होती असे नव्हे. घराचा कर्ता उभा दिसत होता, आणि उभ्या असलेल्या तुळईस कोणी विचारीत नाही.

काकांनी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या गावी ज्येष्ठ म्हणून त्यांचा सत्कार झाला. आम्ही त्यांस घरी पोहोचविण्यास गेलो तेव्हा त्यांनी अंगावरची शाल हाताने चाचपून पाहिली आणि म्हणाले, ‘ऊबदार आहे रे. त्या हिवाळ्यात, शेडात पाहिजे होती.’ एवढेच बोलले. नंतर ऊस किती गेला याची चौकशी करू लागले.

बंधुभगिनींनो, आमचे म्हणणे काकांनी एका वाक्यात सांगितले आहे. आपण मनुष्याचा सत्कार पंचाहत्तराव्या वर्षी करतो; ज्या कामासाठी करतो ते काम त्याने चव्वेचाळिसाव्या वर्षी केलेले असते. इतिहासाकडे पाहिले तरी हेच दिसते. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये मुक्त झाले आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून बाहेर आले, तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिसाच्या आत होते. दोन वर्षांनी, १९५० मध्ये, नांदेडात पीपल्स कॉलेज उभे राहिले. गोदावरीच्या तीरावर १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय अवघे ४१ वर्षांचे होते. अशा थोरांशी आपली बरोबरी करण्याचा अविनय आम्ही करीत नाही. एवढेच म्हणतो की, जगातील पुष्कळसा भार उचलला जातो तो याच वयाच्या खांद्यावर, मग तो राज्याचा असो, शाळेचा असो, की तिसऱ्या मजल्यावर न्यावयाच्या घागरीचा असो.

तेव्हा आमच्या मंडळास तीन नम्र सूचना आहेत.

पहिली सूचना अशी की, पुढील वर्षी दाराशी पावतीपुस्तकाचे टेबल असेल त्याच्या अलीकडे दुसरे एक टेबल ठेवावे. तेथे आपल्याच समाजातील डॉक्टर मंडळींनी चाळिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब मोजावा, रक्तातील साखर पाहावी, आणि मगच वर्गणी मागावी. वर्गणीचा आकडा ऐकल्यावर रक्तदाब मोजू नये. तो खरा येणार नाही.

दुसरी सूचना गुणवंत विद्यार्थ्यांस आहे. बाळांनो, तुमच्या गुणांचा आम्हांस अभिमान आहे. त्या गुणांत आणखी एकाची भर घाला. महिन्यातून एकदा आजोबांस दवाखान्यात तुम्ही घेऊन जा. गॅसचा नंबर तुम्ही लावा. आईला एक दिवस ‘तू आधी बस, भाकरी मी वाढतो’ असे म्हणा. ती प्रथम घाबरेल, ताप आहे का म्हणून तुमचे कपाळ पाहील. तरी नेट सोडू नका. माळवदावरील एक थर एवढ्यानेही उतरतो.

तिसरी सूचना आमच्या समवयस्कांस आहे, आणि ती सर्वांत अवघड आहे. तुळईला बोलता येत नाही, आपणांस येते. वर्षावर्षाने चढत गेलेल्या थरांतील कोणता थर आता पेलवत नाही, हे घरी सांगण्यात कमीपणा नाही. कर्ज किती आहे, हे सौभाग्यवतींस ठाऊक असू द्यावे. छातीत दुखते, हे मुलास ठाऊक असू द्यावे. ‘मला काय होतंय’ हे वाक्य फार शूरपणाचे दिसते, पण शेजारपाजारच्या किती घरी तेच शेवटचे ठरले, हे प्रत्येकाने मनाशी मोजून पाहावे. आणि समवयस्क मित्र भेटला तर त्याची मुले काय करतात, हे पुढे विचारता येईल. आधी त्यालाच विचारावे, ‘तू कसा आहेस?’ आणि तो ‘चाललंय’ म्हणाला, तर तेथे न थांबता पुन्हा एकदा विचारावे.

भाषण लांबले. पंगतीची तयारी झाल्याची खूण मघाशीच झाली आहे, आणि चष्मा उतरवून ठेवलेला असूनही ती आम्हांस स्वच्छ दिसली, कारण खूण करणारे लांब उभे आहेत. जाता जाता अध्यक्ष महाराजांस एक विनंती आहे. दरवर्षी आपल्याकडे पहिली पंगत पाहुण्यांची आणि ज्येष्ठांची होते, दुसरी मुलांची होते, आणि वाढणारी मंडळी शेवटी, वरण संपल्यावर, ताक-भातावर उठतात. ज्येष्ठांचा पहिला मान कायम राहावा. मात्र आज त्यांच्या शेजारी चाळीस ते साठ वयाच्या बंधुभगिनींनी पदर-उपरणे खोचून उभे न राहता पाट घेऊन बसावे, आणि ज्यांच्या गळ्यात आज पदके पडली त्यांनी ती सांभाळून खिशात ठेवावी आणि वाढावयास यावे. वरणाचे भांडे जड आहे, दोघांनी धरावे.

वायर धरून उभ्या असलेल्या त्या गृहस्थांनी ती अखेरपर्यंत सोडली नाही याबद्दल त्यांचे आभार मानून आम्ही आपली रजा घेतो.